आठवा रकाना

प्रिय ताई,

फोनवर आपलं रोज ‘जेवलीस का, थंडी किती आहे’ एवढंच होतं, आणि मी दरवेळी सगळं ठीक आहे म्हणते. ठीक आहेच. पण एक गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. माझ्याबरोबर आलेला फिटर परवा घरी परततोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. पाकीट एवढं जाड कसं, म्हणून त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, बहिणीबहिणींचं आहे, तू फक्त नेऊन पोचव.

आपल्या कंपनीचा इथला कारखाना नवाकोरा आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. आत मात्र आपल्या तिकडच्या कारखान्यासारखंच. तेच उभे बोर्ड, त्याच गाडीच्या तारा खिळ्यांवरून ओढून घ्यायच्या, जुडी बांधायची, टेप गुंडाळायची, टोकाला सॉकेट बसवायचं. आपल्याकडचं अर्धं काम इकडे परदेशात का हलवलं हे मला शिकवायला पाठवताना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात उमगलं. लाइनवर चाळीस बायका, आणि आपल्याहूनही स्वस्त. पुरुष पाच-सहा, ते माल हलवतात आणि यथावकाश साहेब होतात. या कामाला बायकांची नाजूक बोटंच लागतात, असं इथल्या मॅनेजरने कौतुकाने सांगितलं. दुभाषी मुलीने ते वाक्य सांगण्याआधीच मला कळलं होतं. आपल्या साहेबांच्या तोंडून ऐकून पाठ झालंय ना ते!

या चाळीसजणींत एक आहे, तिला मी शिट्टीबाई म्हणते. काम करताना ती हळू शिट्टी वाजवते, आणि शिट्टी थांबली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या आठवड्यात ती अशीच थांबली आणि तिने सरळ लाइन बंद करायचं बटण दाबलं. मॅनेजर धावत आला. मीही तिच्यावर करवादले, खोटं कशाला सांगू. ती शांतपणे ड्रॉइंगवर बोट ठेवून उभी. दोन सॉकेटची जागा ड्रॉइंगमध्येच उलटी छापली होती, ताई! मी तीन आठवडे तेच शिकवत होते. त्या चुकीसकट तीनशे जुड्या गाड्यांत जाऊन बसायच्या होत्या. मी सगळ्यांसमोर कान पकडले. ती हसली आणि परत शिट्टी सुरू.

मग लाइन लीडर निवडायची वेळ आली. शिफारस शिकवणाऱ्याने करायची. मॅनेजरच्या मनात एक उंच, गोड बोलणारा तरुण होता. मुलगा वाईट नाही, पण लाल तार कुठली आणि तपकिरी कुठली हे कळायला त्याला पंधरा दिवस लागले. मी शिट्टीबाईचं नाव घेतलं. मॅनेजरने फॉर्म पुढे सरकवला आणि आठव्या रकान्यावर पेन टेकवलं. घरची जबाबदारी. तिला दोन लहान मुलं, सासू अंथरुणाला खिळलेली, रात्रपाळीला कशी येणार, तुम्हीच लिहा म्हणाला. मी विचारलं, त्या उंचाला मुलं नाहीत का? आहेत की, तीन. मग त्याचा रकाना कोरा का? त्यावर तो खो-खो हसला. त्याची बायको असते ना घरी, म्हणाला. दुभाषी मुलीने हे मला सांगितलं तेव्हा तिची मान खाली होती.

मी फॉर्म घेऊन उठले. दुपारच्या सुट्टीत शिट्टीबाईला गाठलं, दुभाषी मुलीला मध्ये बसवलं आणि विचारलं, रात्रपाळी जमेल का तुला? ती म्हणाली, रात्रपाळीच्या पंधरा दिवसांत नणंद येऊन राहणार, असं आम्ही दोघींनी कधीच ठरवून ठेवलंय. पण इथे मला आजवर कोणी विचारलंच नाही. सगळे आपापसातच ठरवतात, मला जमणार नाही म्हणून.

ताई, असाच फॉर्म, तुझ्या नावाचा, मी अकरा वर्षांपूर्वी पाहिला होता. वेगळी भाषा, रकाना तोच. तुझा धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि दाजी बाहेरगावी नोकरीला. साहेबांनी मला बोलावलं. तू तिची सख्खी बहीण, तूच सांग, म्हणाले. मी सांगितलं, तिला नाही जमणार. त्यांनी लिहिलं, मी खाली सही केली. तुला विचारलं नाही. तुझी काळजी होती म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. काळजी होतीच. पण त्याखाली दुसरंही होतं. घरी तुझं ऐकायचं आणि लाइनवरही तुझंच ऐकायचं, हे मला नको होतं.

तू काम शिकवलेल्या पोराला त्यांनी तुझ्या डोक्यावर बसवलं. आणि तू समजलीस, आपल्याला इंग्रजी ड्रॉइंग नीट वाचता येत नाही म्हणून नाव मागे पडलं. वर्षभर पाळी संपवून, बाळाला शेजाऱ्यांकडे ठेवून तू क्लासला गेलीस. स्वयंपाक करता करता स्पेलिंग घोकायचीस, आणि मी समोर बसून तुझं पाठांतर घ्यायचे. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

या वेळी आठव्या रकान्यात मी लिहिलं : तिला स्वतःला विचारलं, येऊ शकते. त्या उंचाच्या फॉर्मवरही तो रकाना भरल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. चार दिवस मॅनेजर माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी शिट्टीबाईला तीन महिन्यांसाठी लीडर केलं, कायम करायचं नंतर बघू म्हणे. पुढच्या कारखान्यात शिकवायला मला पाठवायचं होतं, ते मात्र रद्द झालं. होऊ दे. मी पुढच्या महिन्यात घरी येते आहे.

ताई, आपल्याकडे रात्रीच्या लाइनच्या लीडरची जागा रिकामी होते आहे, आणि फॉर्म माझ्या हाताखालून जायचे आहेत. बहीण म्हणून तुझी चाचणी मी घेणार नाही, दुसरं कोणी घेईल. पण नाव घालायला तुझा होकार हवा. मी येईपर्यंत थांबले असते, पण समोर आल्यावर मी पुन्हा गप्प बसेन याची मला भीती वाटते, म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, दार लावून घे, सगळं मला मान्य आहे. ते सावकाश होऊ दे. त्याआधी एवढंच सांग : ताई, तुला लाइन लीडर व्हायचंय का?

तुझीच, आणि हे वाचल्यावरही तू ठेवशील तर तुझीच,
धाकटी