पहिल्या पंगतीला

२४ ऑगस्ट, रवि. बोईसर
पालघरला डॉ. बाईंकडे जाऊन आले. गणपतीचं काय, म्हणाल्या. सोप्पं आहे म्हटलं, एडवणला काकांकडे सगळे जमतो, मी वाढायला असते.
"आणि जेवतेस कधी?"
पकडलंच बाईंनी. घरच्या बायका शेवटी बसतात, तोवर कोण कोणाच्या पानात बघतंय? किती वर्षं मी त्या घरात धड जेवलेले नाही आणि काकी सगळ्यांना सांगते, पोर बघा किती कामाची.
यंदा वाढायचं नाही म्हणे. बसायचं. ह्यांना काय जातंय सांगायला.

२५, सोम.
आमच्या लॅबमधले दुबेजी: "मॅडम, अब तबियत अच्छी लग रही है। चेहरा भर गया।" चांगल्या मनाने म्हणाले, माहितीये. तरी दिवसभर तेच डोक्यात. डबा उघडवेना. मग वाटलं, दुबेजींच्या एका वाक्यासाठी मी उपाशी मरू? खाल्ला. पोळी थंड, भाजी बेचव, पण सगळा.

२६, मंगळ.
बॅग भरताना आई म्हणते, तुला पित्त झालंय असं काकीला सांगू, मग लवकर बसलीस तरी चालेल. माझ्यासाठी स्थळं बघतायत ना, आजाराचं नाव बाहेर जायला नको.
पित्त नाही सांगणार. भांडण. आई रडली. मी नाही.

२७, बुध. एडवण
गणपती बसले. काकीने आल्या आल्या भाताचं पातेलं हातात दिलं आणि मी घेतलं. झालं! सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं, एकदम हलकं. शेवटी डाळ संपली होती. राहू दे काकी, भूक नाही.
आई बघत होती.
मूर्ख मी.

१ सप्टें., सोम.
गौरीचं जेवण. ओटीवर पहिली पंगत, पुरुष, पोरं, पाहुणे. गेले आणि बसले काकांच्या शेजारी. काकी पातेलं घेऊन समोर उभी.
"तू कशाला बसली? वाढायला कोन हाय?"
"मी जेवणार आहे."
"घरच्या पोरी पयल्या बसतात काय?"
सगळी पंगत बघायला लागली. आई दारात, तोंडाला पदर. सांगून टाकलं. "काकी, मला न जेवण्याचा आजार आहे. उपचार चालू आहेत. वाढायला राहिले की मी जेवतच नाही. तुमच्याकडे कधीच जेवले नाही." आवाज कापत होता. कापू दे.
"माज्या घरात? नाय जेवली?" एवढंच म्हणाली आणि भात वाढला, हा ढीग. एवढा नको म्हटलं. तिने कमी केला. त्या घरात वाढलेलं कमी होताना मी पहिल्यांदा बघितलं.
जेवले. सगळ्यांच्या देखत. भात, डाळ, अळूची भाजी, वडा. पाण्याबरोबर गिळलं. सगळे मान खाली घालून आपापल्या पानात, ते तर जास्तच वाईट. हात धुताना डोकं सुरू, आता रात्री जेवू नको.
रात्री पण जेवले. रागाने.

५ सप्टें., शुक्र. बोईसर
आई कामापुरतं बोलते. आज एकदाच, "सगळ्या गावाला सांगितलंस."
हो, सांगितलं. उपाशी होते तेव्हा गावाला चाललं की.

१० सप्टें., बुध.
काकीचा फोन. आजोबांचं श्राद्ध, जेवायला या. आईशी बोलली, मग म्हणाली पोरीला दे. आता ऐकवणार, वाटलं.
"एवडी वर्सं मी लोकांना सांगत फिरली, पोर कामाची, पोर कामाची. आनी तू उपाशी. सांगायला काय झालेलं तुला?" रागावली होती की रडत होती, कळेना. मग, "त्या दिवशी मी पन तुज्यासंगती बसनार. वाढू दे पुरुषांना." ठेवलाच फोन.
काका आमटी वाढतायत, ह्या विचाराने हसले. मग भीती वाटली. काकी शेजारी म्हणजे आता माझा घास न् घास बघणार.
काकी बसेल. मी जेवेन का, माहीत नाही. आजचा डबा तर तसाच परत आणलाय. आई स्वयंपाकघरात आहे. जाते, तिच्यासमोरच उघडते.