इथे झाड होतं ना?

आंबुहिमेना, मादागास्कर, १९५५

आदरणीय वकीलसाहेब देलकूर,

माझा भाऊ फारालाही याची मान वाचवायला दुसरा एकही वकील तयार झाला नाही, हे मी विसरलेले नाही. काल तुम्ही खटल्यासाठी गावात आलात. घरात शाळेत गेलेली मी एकटीच, म्हणून दुभाषीही मीच होते. आईने दिलेलं करपलेल्या भाताचं पाणी पीत तुम्ही नदीकडे पाहिलंत आणि सहज म्हणालात, "इथे मोठा आंबा होता ना?"

तो आंबा आठ वर्षांपूर्वी, बंडाच्या वर्षी, फ्रेंच फौजेने गावासकट जाळला. त्याच दिवशी माझ्या वडिलांना नेलं. वकिलीआधी तुम्ही सैनिक होतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. कुठे, ते सांगितलं नव्हतंत.

आम्ही पूर्वजांची हाडं थडग्यातून काढून नव्या रेशमात गुंडाळतो. वडिलांचं रेशीम अजून कोरंच आहे. त्यांना कुठे पुरलं, एवढंच मला विचारायचं होतं.

मी चुलीपाशी जाऊन कुजबुजले, "आई, हा त्यांच्यातलाच गं."

"मला शिकवतेस? दारात आला तेव्हाच ओळखलं मी."

"मग पाणी कशाला दिलंस?"

"गप बस. आज विचारलंस तर पळेल मेला. आधी पोरगा सुटू दे."

म्हणून हे पत्र पाठवत नाही.

निघताना तुम्हाला खोकल्याची उबळ आली. आई तुमच्या पाठीवर हात ठेवून काही पुटपुटली. तुम्ही अर्थ विचारलात. मी म्हटलं, "तुमच्यासाठी दीर्घायुष्य मागतेय."

मी खोटं बोलले नाही. फक्त अर्धंच सांगितलं. ती म्हणाली होती, "देवा, ह्याला जगव. जागा ह्यालाच ठाऊक आहे."

फारालाहीची बहीण,
नुरुसुआ