वाळवीने न खाल्लेलं टेबल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा दाराबाहेरूनच नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असावी. परवा मी बेल वाजवली तेव्हा तू ज्या चपळाईनं उठून रेडिओ मोठा केलास, त्यावरून गुडघेदुखी बरीच कमी झालेली दिसते. आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, तरी पत्र लिहितोय, कारण फोन तू उचलत नाहीस आणि आलेलं पत्र न वाचता टाकून देणं तुला जमणार नाही. (विजेचं बिलसुद्धा तू दोनदा वाचतेस.)

विषय बाबांच्या टेबलाचा. घर बदलताना ते वाळवीनं खाल्लं असं मी तुला कळवलं होतं. तुझा त्या वाळवीवर विश्वास बसला नाही आणि तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. तर वाळवीनं टेबल पूर्ण खाल्लं नसावं, असं आता दिसतंय.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. आपल्या भागात सगळंच चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे चालणं लवकर संपतं आणि माणूस उगाच दुकानांत शिरतो. बेकरी आणि चावीवाला यांच्या मधे जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. काटे नसलेली घड्याळं, पाती नसलेले पंखे, आणि मालकसुद्धा तिथल्याच मालापैकी वाटावा असा. आत शिलाई मशीनच्या मागे पाहतो तर बाबांचं टेबल. त्यावर पाटी : ‘दुर्मीळ. एका न्यायाधीशांच्या वापरातील.’ बाबा पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकायचे, हे तुला सांगायला नको. पण शाईचा डाग तोच, आणि कोपऱ्यात तुझ्या कंपासच्या टोकानं कोरलेलं माझं टोपणनावही तेच. (ते इथे लिहीत नाही.)

टेबल आमचं आहे, असं मी मालकाला ठणकावलं. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. गेल्या महिन्यात एकच आरामखुर्ची तिघांच्या आजोबांची निघाली होती म्हणे. उजवीकडचा कप्पा त्याला किंवा त्याच्या सुताराला, कुणालाच उघडता आलेला नाही. आत काय आहे ते कळल्याशिवाय तो वस्तू विकत नाही, आणि फोडून बघणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. तुमचं असेल तर उघडून दाखवा, म्हणाला, लगेच देतो.

गोम इथेच आहे. ती युक्ती बाबांनी फक्त तुला शिकवली होती, कारण आत त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या असत आणि त्या मी खोकला नसताना खात असे. तू मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचीस. मला फक्त आवाज माहीत आहे : आधी ठक्, मग सर्रकन.

त्या ठक्‌वर मी अकरा दिवस काम करतोय. मुठीनं मारलं, बुटाच्या टाचेनं मारलं, गुडघ्यानं मारलं (आता मलाही गुडघेदुखी आहे). चावीवाला आपलं दुकान बंद ठेवून बघायला येतो. काल जमिनीवर बसलो, टेबलाला दोन्ही पाय लावले आणि सगळा जीव एकवटून ओढलं, तर कप्प्याची मूठच हातात आली. मालकानं ती परत बसवली. पण मी हट्टाला पेटलोय. टेबल मला नकोय, ते तुझ्याकडे यायला हवं. बाबा गेल्यावर तू एवढी एकच वस्तू मागितली होतीस, आणि ते मला तिथे जमिनीवर बसल्यावर नीट कळलं.

तरी युक्ती उलट टपाली कळवावी.

तुझा,
धाकटा

ता. क. वाळवी नव्हती. नव्या घराच्या दारातून टेबल आत जाईना (मापं मीच घेतली होती), हमाल खोळंबले होते, आणि समोरून भंगारवाला चालला होता. तुला खरं सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझी आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दुकानात जाऊन आलो. टेबल नाही. मालक म्हणाला, एक बाई वर्षभर रोज सकाळी काचेतून ते बघून जायच्या, आत कधी आल्या नाहीत. काल मी पाय लावून ओढत होतो ते त्यांनी बाहेरून पाहिलं, आणि मी गेल्यावर आत आल्या. त्यांनी कप्पा ओढलाच नाही. आधी आत ढकलला, ठक् झालं, हात सोडला, आणि तो आपणहून बाहेर आला.

तुझी चिठ्ठी त्यानं दिली. ‘वाळवीला सांगा, रविवारी सकाळी ये. टेबल तीन जिने चढवायचंय, एक बाजू धरायला माणूस हवा. दाराचं माप मी घेतलंय.’

चिठ्ठीत गुंडाळलेली गोळीही मिळाली, पार कागदाला चिकटलेली. अजून खाल्ली नाही. रविवारी तुझ्यासमोर खाईन, म्हणजे तुला ओरडता येईल.