मुलींच्या टॉयलेटचं दार

मुख्याध्यापक सर,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही, पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाहीये.

"चुकलं तरी चालेल, पण इंग्रजीत बोला," असं मी वर्गाला वर्षभर सांगत आले. आज तपासणीच्या साहेबांसमोर, जिला मुलं 'मुकी' म्हणून चिडवतात, तीच उभी राहिली. "सर, गर्ल्स टॉयलेट नो डोअर. वुई नॉट ड्रिंक वॉटर."

साहेब गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "उद्या तिला सगळ्यांसमोर माफी मागायला लावा."

ती रडवेली होऊन विचारत होती, "बाई, माझं इंग्रजी चुकलं का?"

"थोडंसं. पण सगळ्यांना कळलं."

सर, माफी मी तिला मागू देणार नाही. उद्या हे तुमच्या तोंडावर बोलायचंय, म्हणून आज कागदावर सराव करतेय.

आपली,
सातवीची इंग्रजीची बाई