अकरा वाजताचा पक्षी

१९ डिसेंबर
पोचलो. जंगलातलं गेस्ट हाउस, छपरावर बर्फ. लेकीची पक्ष्यांच्या अभ्यासाची नोकरी इथेच. फेब्रुवारीत ती वरच्या डोंगरात लपणात बसणार आहे. लपण म्हणजे झाडीत दडवलेली खोपटी. जागा दोघांची. सोबत घरचं एक माणूस न्यायची परवानगी मिळाली आहे. ते माणूस कोण, हे उघड आहे. बायकोला चिमणी आणि मैनेतला फरक विचारला तर म्हणते, एक लहान असते.
फोनवर लेकीशी बोलणं दोन मिनिटांत संपतं. लपणात निवांत गप्पा होतील.
संकल्प: तोवर जंगलात तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

२० डिसेंबर
पहाटे लेकीबरोबर बाहेर पडलो. गप्प होतो. बूट, थंडी, देवदारांची उंची आणि एका पेशंटची अक्कलदाढ एवढ्यावरच बोललो, तेही चालताना. मी दातांचा डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यारं असतात, त्यामुळे बोलायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. याला सवय म्हणत नाहीत, सेवा म्हणतात.
पक्षी: शून्य. हवा वाईट होती.

२१ डिसेंबर
लेक चालता चालता थबकली. दुर्बीण डोळ्याला लावून कुजबुजली, "बाबा, अकरा वाजता. शेंड्यावर."
घड्याळ पाहिलं. आठ. मी चहाला परत आलो. ती मात्र तिथेच उभी. या पिढीला वेळेचं नियोजन म्हणून नाही.
बरोबर अकराला हजर झालो. शेंडा रिकामा. परत येऊन लेकीला म्हटलं, तुझा पक्षी लेट आहे. ती बघतच राहिली, मग पोट धरून हसली. आमचं जमायला लागलं आहे.

२२ डिसेंबर
न्याहारीला लेकीने समजावलं. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. अकरा म्हणजे समोर, जरा डावीकडे. मला हे माहीतच होतं. आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात: पेशंटच्या डोक्याशी बारा. मी स्वतः रोज अकराच्या जागी बसतो. पण दवाखान्याचे नियम जंगलातही चालतात, हे कुणीतरी आधी सांगायला नको?
बायको चहा पिता पिता ठसकली.
दुपारी लेक म्हणाली, दोन वाजता. ताबडतोब उजवीकडे वळलो आणि कुठे, कुठे, असं विचारलं. अख्खा थवा उडाला.
पक्षी: पुष्कळ. सर्व पाठमोरे.

२३ डिसेंबर
सर्दी. खोलीतच. बायको सकाळपासून व्हरांड्यात शाल गुंडाळून बसली आहे, काहीएक न करता. लेक तिच्याशेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. काहीतरी बिनसलं असणार. मिटवायला गेलो, तर दोघींनी एकदम हात वर करून मला दारातच थांबवलं. बायकोच्या पायाशी दोन निळे पक्षी दाणे टिपत होते म्हणे. मी शिंकलो.
फेब्रुवारीतल्या अपॉइंटमेंट पुढे ढकलायला दवाखान्यात कळवून टाकलं.

२४ डिसेंबर
लेक खोलीत आली. म्हणाली, लपणात आईला नेते आहे. मी म्हटलं, तिला पक्षी ओळखता येत नाहीत. लेक म्हणाली, "पण पक्ष्यांना ती चालते, बाबा."
मी म्हटलं, उत्तम. फेब्रुवारीत मला वेळ कुठला? गुडघेही आहेत. शिवाय गप्प बसणं ही फार मोठी गोष्ट नाही, मीही बसतो. कसं बसायचं ते तिला सविस्तर सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, लपणात येऊन तुम्हाला नक्की काय बघायचं होतं?
बघायचं काही नव्हतं, म्हटलं. तुझ्याशी बोलायचं होतं.
लेकीने खुर्ची ओढली. माझ्यासमोर बसली. दुर्बीण गळ्यातून काढून बाजूला ठेवली.
"मग आत्ता बोला ना."
खिडकी बंद. खोलीत दोघंच. तिचं तोंड मोकळं, उत्तर द्यायला तयार. माझ्या डोक्यात एक वाक्य येईना.
शेवटी विचारलं, दात दोन वेळा घासतेस ना?
हो म्हणाली.