किंदे थोरलीकडे गेले

६ ऑक्टोबर

आजही नाहीत! सकाळी बाटल्या खळखळून धुतल्या, साखरपाणी नवं केलं — एक वाटी साखर, चार वाट्या पाणी — आणि व्हरांड्यात टांगल्या. संध्याकाळी उतरवल्या तर जशाच्या तशा भरलेल्या, वर मुंग्या. जुलैत याच बाटल्यांवर किंदे एकमेकांच्या उरावर बसत होते. दिवसातून दोनदा पाणी उकळून उकळून माझा जीव जायचा. आता शुकशुकाट.

दोन परदेशी पाहुणे कॉफी घेऊन कॅमेरे रोखून बसले होते. ‘हमिंगबर्ड कुठे आहेत?’ म्हणे. आमच्या किंद्यांना ते हमिंगबर्ड म्हणतात. मी काय खिशात घालून ठेवलेत? तोंडाने म्हटलं, बसा, येतील. कंटाळून गेले शेवटी.

पाहुण्यांचं जाऊ दे. आईसुद्धा येत नाहीये.

९ ऑक्टोबर

नाही.

१० ऑक्टोबर

आई गेली, नऊ दिवसांची प्रार्थना संपली, आणि दहाव्या पहाटे एक तपकिरी किंदे-मादी येऊन कपड्यांच्या तारेवर बसली. बसली ती बसलीच. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली. आई अशीच बघायची — माझ्या हातून भातात मीठ जास्त पडलं की. गेलेलं माणूस किंदे होऊन घरच्यांना भेटायला येतं, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हापासून रोज पहाटे यायची. आधी तार, मग डावीकडची बाटली. मी तिला सगळं सांगायचे. गुडघा, पाऊस, कोंबड्या. जिवंतपणी तिने माझं कधी इतकं ऐकून घेतलं नाही!

आणि ऑक्टोबर आला की गायब. गेल्या वर्षी असंच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही. तेव्हा वाटलं, पाऊस असेल, ससाणा असेल.

१४ ऑक्टोबर

कळलं. क्लेवरकडून कळलं. पाहुण्यांना पक्षी दाखवत रानोमाळ हिंडतो तो. कॉफीला थांबला होता. त्याला विचारलं, कुठे मेले रे सगळे? तर हसून म्हणाला, “मेले कशाला, एल्वियामावशी? पिएदादमावशीच्या ग्वाब्यावर आहेत. झाड फुललंय. नुसतं घोंघावतंय!”

मग त्याचं व्याख्यान. खरी फुलं असताना बाटलीतलं पाणी कोण पितं. शिवाय हे घरट्यांचे दिवस. माद्या अंड्यांवर बसतात, आणि पिलांना साखरेने भागत नाही, त्यांना चिलटं नि कोळी लागतात. ते फुललेल्या झाडात मिळतात, माझ्या बाटलीत नाहीत. बहर सरला की येतील परत, म्हणाला, दरवर्षीचंच आहे.

तो बोलत होता. मला एवढंच ऐकू आलं — सगळे पिएदादकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे.

आईसुद्धा.

१५ ऑक्टोबर

झोप नाही. लिहूनच टाकते.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरली कुठे होती? सांतो दोमिंगोला, नवऱ्याच्या दुकानात, पंख्याखाली. नाताळला यायची. केकचा डबा, चार गोड शब्द, आणि चालली परत. कूस मी बदलायची, चादरी मी धुवायच्या, जखमा मी पुसायच्या. आणि दार वाजलं की आई मला विचारायची, “पिएदाद आली का गं?” माझ्या हातात घास असायचा तिच्यासाठी! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

वाटणीत मला खालचं घर नि बाग, तिला वरचा चढ. आईने स्वतः लावलेला ग्वाबा पण वरच. नवरा गेल्यावर येऊन तिथे घर बांधून बसली — आयत्या बिळावर नागोबा. कुंपण झाडाच्या बुंध्याला खेटून जातं. अर्ध्या फांद्या माझ्या बाजूला आहेत, सावली माझ्या टोमॅटोवर पडते, आणि किंदे तिचे!

मेल्यावरसुद्धा आईला तीच हवी.

२० ऑक्टोबर

आज कुंपणाआडून पाहिलं. ग्वाबा पांढराफेक. फुलाफुलावर किंदे, इकडून तिकडे, नुसता धुमाकूळ. माझ्या बाजूच्या फांदीच्या बेचक्यातून एक तपकिरी मादी उडाली, परत येऊन तिथेच बसली. मान तिरकी. ती आईच! मी ओळखणार नाही?

खाली पिएदाद खुर्ची टाकून बसलेली. वर बघून बोलत होती. काय ते ऐकू येईना. पण बोलत होती, बराच वेळ, आणि मग ॲप्रन तोंडाला लावून हसायला लागली. खांदे हलत होते इतकी हसली. माझ्याबद्दलच काहीतरी सांगत असणार. एल्विया कशी बाटल्या भरून वाट बघत बसते बघ, आई!

तिथेच ठरवलं.

२३ ऑक्टोबर

लाकूडतोड्या रोमुलो करवत घेऊन आला. म्हटलं, माझ्या बाजूला जेवढं आलंय तेवढं सगळं उतरव. त्याने झाडाभोवती चक्कर मारली. म्हणाला, एका अंगाचं छाटलं तर झाड लंगडं होईल, वाऱ्याला टिकायचं नाही. बहर तरी सरू दे. मी म्हटलं, हवा माझी, फांद्या माझ्या, तू करवत चालव.

पिएदाद आवाजाने बाहेर आली. कुंपणापाशी उभी राहिली. मला वाटलं आता तोंड सोडेल, आणि मी तयारच होते, इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर होतं. ती वळली. आत निघून गेली.

रोमुलोने हातात काहीतरी आणून दाखवलं. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली इवलीशी वाटी, लिंबाच्या फोडीएवढी. आत एक अंडं, दुसरं फुटलेलं. म्हणाला, याचं काय करू? मी म्हटलं, मला काय विचारतोस. कुठेतरी ठेव.

कुठे ठेवलं ते पाहिलं नाही.

२५ ऑक्टोबर

आले! सकाळी सहाला डोळा उघडला तो पंखांच्या घरघरीने. हिरवे, जांभळे, लांब शेपटीचे, सगळ्या बाटल्यांवर झुंबड. दुपारपर्यंत चारही रिकाम्या. साखर संपली, दुकानातून आणली.

बघ म्हणावं, पिएदाद!

२६ ऑक्टोबर

तार पुसून घेतली. धूळ बसली होती. धुळीवर बसायला आईला कधी आवडलं नाही.

२९ ऑक्टोबर

काल वादळ झालं. राहिलेला अर्धा ग्वाबा पिएदादच्या अंगणात आडवा झाला. मुळं वर. घर वाचलं तिचं.

क्लेवर पाहुण्यांना घेऊन खालच्या रस्त्याने गेला. हाक मारली, कॉफी तयार आहे म्हटलं. हात हलवला त्याने, पण आला नाही. त्याला काय झालं नाकाला मिरच्या झोंबायला? झाड त्याच्या आईने लावलं होतं का?

बाटल्यांवर गर्दी. सगळ्यांची तोंडं बघितली. ती नव्हती.

१ नोव्हेंबर

तपकिरी अशी एकही नाही. डावीकडच्या बाटलीत वेगळं पाणी करून ठेवलं, थोडं जास्त गोड. आईला गोड लागायचं. हिरव्या नराने ती बाटली बळकावली. फडकं मारून हाकलला. परत आला.

२ नोव्हेंबर

पितरांचा दिवस. आईच्या थडग्यावर गेले. दगड धुतला, फुलं ठेवली, पावाची बाहुली ठेवली. दरवर्षी माझ्याआधी पिएदादची बाहुली तिथे असते, साखरेच्या डोळ्यांची. आणि घरी आलं की दारात तिने पाठवलेला जांभळ्या कोलादेचा, पितरांसाठी शिजवतात त्या दाट गोड पेयाचा, जग असतो. बोलणं नाही, चालणं नाही, पण जग यायचा. मीही कधी परत पाठवला नाही. आईच्या पद्धतीची करते ती, मला तशी जमत नाही.

आज थडगं रिकामं. दारातही काही नाही. म्हटलं, बरं झालं. एकदाचं तुटलं!

जेवले नाही.

३ नोव्हेंबर

सकाळी क्लेवर जग घेऊन आला. कोलादा अजून गरम होती. बसला नाही. खाली बघत म्हणाला, “पिएदादमावशीने निरोप दिलाय. म्हणाली, सांग तिला — आई वर्षभर तुझ्याच व्हरांड्यात असायची, तू तिचं सगळं केलंस म्हणून. माझ्याकडे फक्त ग्वाबा फुलला की यायची. तेवढेच दिवस मी झाडाखाली बसून तिची माफी मागायचे, रडायचे.”

बाटल्यांवर किंदे मावत नाहीत. तार रिकामी आहे.