वरचे स्क्रू

३ मार्च, सोमवार

नव्या खिडक्या बसल्या एकदाच्या. जुन्या लाकडी खिडक्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून सगळ्या बिल्डिंगनं एकाच फिटरला काम दिलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. जाताना म्हणाला, "ताई, हत्ती टेकला तरी हलायची नाही."

सासूबाईंनी लगेच खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. खुबा मोडल्यापासून चौकटीला धरूनच उठतात. आणि आपण पाचव्या मजल्यावर.

४ मार्च, मंगळवार

चौकट हलली. सासूबाई उठल्या तेव्हा मी समोर भाजी निवडत होते — तीळभरच, पण हलली. म्हटलं, पलंगाला धरून उठत जा. "आता माझं उठणं-बसणंही तुझ्या हुकमानं का?"

ह्यांना दाखवलं. ह्यांनी दोन बुक्क्या मारल्या. "दगड आहे दगड. तुला दोरी दिसली तरी साप वाटतो."

५ मार्च, बुधवार

चौकटीमागच्या फटीत पोस्टकार्ड घातलं. निम्मं आत गेलं.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर वारा. काच थरथरली की धावत जाऊन चौकट धरते. दूध दोनदा उतू गेलं. सासूबाईंची खुर्ची आतल्या खोलीत नेली, तर त्यांनी अबोला धरला. धरू देत. निदान आत बसून धरतील.

फिटरला तीन फोन. "येतो, येतो."

७ मार्च, शुक्रवार

आला. घरात मी आणि सासूबाईच, त्याही झोपलेल्या. म्हटलं, कडेची पट्टी काढा, मला आतले स्क्रू बघायचेत.

"ताई, सिलिकॉन खराब होईल."

होऊ दे. तो जागचा हलेना. मग मीच सुरी आणून पट्टी उचकटली.

खाली दोन स्क्रू. बाजूंना नाही. वर नाही. नुसता फोम — पिवळा, शिळ्या पावासारखा. ह्याच चौकटीला धरून त्या उठत होत्या.

तो मटकन स्टुलावर बसला. गेल्या वर्षी परांचीवरून पडला म्हणे. "तेव्हापासून खिडकीच्या कठड्यावर पाय ठेवला की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि बाजूचे नि वरचे स्क्रू कठड्यावर चढल्याशिवाय मारता येत नाहीत."

"किती घरांत असं?"

"दुसऱ्या मजल्याच्या वर सगळीकडे."

बोलायला खूप होतं. पण तो खाली पडलेला फोमचा चुरा हातानं गोळा करायला लागला.

"कोणाला सांगू नका, ताई. रविवारी मेहुणा येतोय माझा, तो चढेल. एकेक खिडकी पक्की करून देतो. हे कळलं तर मला कोणी दारात उभं करणार नाही."

बरं, म्हटलं. पण आधी आमच्या करा.

केल्या. तो कठड्यावर चढला, बाहेर न बघता. मी मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. शर्ट घामानं चिंब. त्याचा की माझा जीव जास्त खालीवर होत होता, सांगता येणार नाही.

८ मार्च, शनिवार

आमच्या खिडक्या आता खरंच दगड. मी स्वतः लोंबकळून बघितलं. भीती मात्र गेली नाही, नुसती दोन मजले खाली उतरली.

सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे चहा झाला. त्या खिडकीला पाठ टेकून बोलत होत्या. शब्द ओठांवर आला होता. "इकडे बसा ना, वारा लागेल," एवढंच म्हटलं. त्या हसल्या. "तुमचं आपलं काहीतरीच."

एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

९ मार्च, रविवार

काल दुपारी मास्तरीणबाईंची खिडकी चौकटीसकट खाली गेली. त्या पडदा सरकवत होत्या. तोल मागे गेला म्हणून वाचल्या. हाताला चौदा टाके. खाली कोणी नव्हतं.

आज फिटर सगळ्यांसमोर हात जोडून उभा होता. "चूक माझी. दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कसं माहीत असणार, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.